परसबाग : वेलावरचें औषध

मृगाचा पाऊस पडून माती वाफशावर आली कीं या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा मजकूरही पालटतो. वैशाखांत 'पाणी पुरत नाहीं, काय करावें?' असें विचारणाऱ्या भगिनी ज्येष्ठाच्या अखेरीस 'किडीनें जीव नकोसा केला' असें लिहूं लागतात. यंदां आलेल्या पत्रांपैकीं सोलापूरच्या एका भगिनीचें पत्र मीं बाजूस काढून ठेवलें आहे. त्या लिहितात, "आमचें घर तेरा माणसांचें. परसांत काकडी, दोडका, भोपळा असे वेल मांडवावर चढवितों. दरवर्षीं रोपें दोन पानांचीं झालीं न झालीं तोंच तांबडे किडे त्यांची चाळण करून टाकतात. आणि त्यांतून जे वेल वांचतात त्यांचीं फळें आंतून सडतात. शेजारचे शेतकरी कसलेंसें औषध फवारतात. तें आम्हीं आणावें काय? कोणतें आणावें, तेवढें नांव कृपा करून कळवा."

नांव मी कळविणार नाहीं. कां कळविणार नाहीं, हें सांगण्यासाठीं आमच्या घरांत घडलेली एक गोष्ट सांगावी लागेल. ती आजवर या सदरांत लिहिली नव्हती. लिहूं नये असेंच पुष्कळ दिवस वाटत होतें. कारण तींत चूक दुसऱ्या कोणाची नसून आमची, घरांतील शिकल्यासवरल्या माणसांची आहे.

आमचें घर वाईचें, जुनें. मागील दारीं आड, आडाशेजारीं धुण्याचा दगड, आणि त्यापलीकडे वीस हात लांबीचा परस. तेथें सासूबाईंचा काकडीचा मांडव असे. ही काकडी म्हणजे बाजारांत बारमाही मिळते ती नव्हे. हें त्यांच्या माहेरचें, गुहागराकडील तवसें. पहिल्या माहेरपणाहून परततांना त्यांनीं त्याचें बीं पदराच्या गांठींत बांधून आणलें होतें, आणि त्यानंतर साठांहून अधिक पावसाळे, एकही न चुकवितां, तें लावलें. कोंवळें असतांना मुलें तें वेलावरूनच तोडून खात. गणपतीच्या सुमारास पिकलेल्या तवशाचें धोंडस होई. मांडवाखालीं रोज पहाटे सासूबाईंची एक फेरी असे. त्या तेथें काय करीत, हें आम्हां सुनांपैकीं कोणी कधीं नीट पाहिलें नव्हतें. म्हाताऱ्या माणसाची एक संवय, यापलीकडे आम्ही तिला किंमत देत नव्हतों.

२०१६ सालच्या पावसाळ्यांत त्यांच्या डोळ्याचें शस्त्रकर्म झालें. त्या वेळीं त्या शहाऐंशी वर्षांच्या होत्या. महिना दीड महिना परसांत पाऊल टाकावयाचें नाहीं, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. मी शाळेंत शिकवीत असें, धाकट्या जाऊबाई बँकेंत जात. फेरी बंद पडली, आणि कोणाच्या तें ध्यानांतही आलें नाहीं. पहिलीं रोपें तांबड्या भुंगेऱ्यांनीं खाल्लीं. डब्यांतील उरलेलें बीं आम्हीं दुबार पेरलें. तीं रोपें कशीबशी वर चढलीं, तों फळें सडूं लागलीं. भावजींना आईच्या काकडीची ही दैना पाहवेना. त्यांनीं गांवांतील एका दुकानांतून औषध आणलें. दुकानदारानें मोठ्या डब्यांतून काढून खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलींत तें ओतून दिलें होतें. बाटलीवर ना नांव, ना प्रमाण. बागकाम करणाऱ्या गड्यानें अदमासानें पाण्यांत मिसळून सकाळीं तें वेलावर फवारलें. "आठ दिवस काकडीला कोणी हात लावूं नका, वहिनी," असें भावजींनीं दुपारच्या जेवणाच्या वेळीं सर्वांस बजावलें.

सर्वांस म्हणजे मोठ्यांस. मुलें त्या वेळीं शाळेंत होतीं.

माझा नातू त्या वेळीं सहा वर्षांचा होता. सायंकाळीं शाळेंतून आला तो दप्तर पडवींत टाकून, नेहमींप्रमाणें, मांडवाखालीं गेला. दोन काकड्या सदऱ्याला पुसून त्यानें खाल्ल्या. दिवेलागणीस पोट दुखूं लागलें, ओकारी झाली, तोंडाला सारखें पाणी सुटूं लागलें. बाहेर पाऊस आणि हवेंत गारवा असतांना पोराचें अंग घामानें भिजून गेलें. मीं जंतांचा विकार समजून ओंवा चावावयास दिला, हेंही येथें लिहून ठेवतें. आंतल्या खोलींतून, डोळ्यावर पट्टी असलेल्या सासूबाईंनीं विचारलें, "आज वेलावर फवारलेंत ना? त्यानें काकडी खाल्ली का, तें आधीं विचारा."

दवाखान्यांत डॉक्टरांनीं त्याच्या डोळ्यांत विजेरीचा प्रकाश टाकला. बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. त्यांनीं पहिला प्रश्न केला तो हाच कीं, "औषध कोणतें?" आम्हीं ती बाटली त्यांच्यापुढें धरली. तिच्यावर खोकल्याच्या औषधाचें नांव होतें.

पोरगा वांचला. लक्षणांवरून ओळखून डॉक्टरांनीं उपचार केले, आणि तिसऱ्या दिवशीं तो घरीं आला. भावजींस कोणी शब्दानेंही बोललें नाहीं. परंतु ते दोन दिवस जेवले नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं सर्व वेल उपटून, परसाच्या कोपऱ्यांत खड्डा खणून, फळांसकट पुरले. साठ वर्षांचें बीं त्या खड्ड्यांत गेलें, हें आमच्या लक्षांत पुढच्या मृगापूर्वीं आलें.

आतां सोलापूरच्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळतें. शेतकरी फवारतात म्हणून ते अविचारी आहेत, असें माझें म्हणणें नाहीं. सरकारमान्य औषधाच्या वेष्टणावर फवारणीनंतर इतके दिवस तोडणी करूं नये, असा स्पष्ट नियम छापलेला असतो. शेतांत फवारणीचा दिवस व तोडणीचा दिवस यांत अंतर ठेवतां येतें. परसांतील वेलाचें तसें नाहीं. त्याची तोडणी रोज होते, आणि ती बहुधा लहान मुलें करतात. त्यांस तिथिवार कळत नाहीं. एकत्र कुटुंबांत तर एकानें दिलेली सूचना दहाव्या माणसापर्यंत पोंचेलच, याचा भरंवसा कोणी द्यावा?

शिवाय हीं विषें किती उग्र असतात, याची कल्पना आपल्याला नसते. मोनोक्रोटोफॉस या औषधास भाजीपाल्यावर वापरण्याची मनाई सरकारनें २००५ सालींच केली होती. तरीहि २०१३ च्या जुलै महिन्यांत बिहारांतील सारण जिल्ह्यांत शाळेंतील माध्यान्ह भोजनानें तेवीस मुलें दगावलीं, तीं याच विषानें. तें स्वयंपाकाच्या तेलांत मिसळलें गेलें होतें. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. त्यांनीं तर तें खाल्लेंही नव्हतें. श्वासावाटे व कातडींतून तें अंगांत भिनलें.

घरांत असा प्रसंग कोणावर येऊं नये. परंतु आलाच, तर लाळ, घाम, ओकारी व बारीक झालेल्या बाहुल्या हीं लक्षणें ध्यानांत असावींत. अंगावरील कपडे उतरवून अंग साबणानें धुवावें, मुद्दाम ओकारी काढण्याच्या भरीस पडूं नये, आणि मूळ बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गांठावें. मूळ बाटली हा शब्द अधोरेखित समजावा.

मग वेल राखावे कसे? पुढच्या वर्षीं सासूबाईंनीं तें आम्हांस शिकविलें. पहाटे मांडवाखालीं खुर्ची मांडावयाची, त्यांनीं बसून सांगावयाचें आणि आम्हीं करावयाचें, असा क्रम चालला.

तांबडा भुंगेरा हा पंख फुटलेला, चकचकीत नारिंगी रंगाचा किडा. दिवस वर आला कीं तो हात लावूं देत नाहीं. परंतु भल्या पहाटे, दंव असतांना, तो सुस्त असतो. त्या वेळीं पानाखालीं साबणाच्या पाण्याचें भांडें धरून पान हलवावें, म्हणजे किडे आपण होऊन त्यांत पडतात. सासूबाईंची पहाटेची फेरी होती ती यासाठीं. दंवानें पानें ओलीं असतांनाच चुलीची किंवा बंबाची राख चाळून दोन्ही अंगांनीं भुरभुरावी. ती चिकटून राहते, आणि भुंगेऱ्यास तें पान रुचत नाहीं. पावसानें राख धुवून गेली तर पुन्हां टाकावी. ज्यांच्याकडे आतां चूलही नाहीं व बंबही नाहीं, त्यांनीं गांवांतील भट्टीवाल्याकडून पिशवीभर राख आणून ठेवावी. मात्र ती निव्वळ लांकडाची असावी. कोळशाची किंवा कचऱ्याची नसावी.

या किड्याचा खरा भर रोप दोनपासून चार पानांचें होईपर्यंत असतो. म्हणून त्या नाजूक वयांत रोप त्याच्या दृष्टीसच पडूं नये, हें उत्तम. नारळाच्या करवंटीस तळाशीं भोंक पाडून, तींत माती व कुजलेलें शेणखत निम्मेंनिम भरून बीं लावावें, आणि करवंट्या पडवींत, उजेडांत, जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्याखालीं ठेवाव्या. चारपांच पानें फुटलीं म्हणजे मुळांस धक्का न लावतां रोप मांडवाखालच्या आळ्यांत न्यावें. काकडीचा वेल मूळ दुखावलेलें सहन करीत नाहीं. सबब करवंटी तडकवून मातीचा गोळा अखंडच ठेवावा. आळ्यांतही पहिले आठपंधरा दिवस मच्छरदाणी राहूं द्यावी. कारल्यास हा खटाटोप लागत नाहीं. भुंगेरा त्याच्या वाटेस फारसा जात नाहीं. त्याचें बीं तेवढें रात्रभर भिजवावें व टोंक नखानें किंचित् मोडावें, म्हणजे टणक कवचांतून कोंब लवकर बाहेर येतो.

कळ्या दिसूं लागल्या कीं मात्र आच्छादन काढलेंच पाहिजे. नाहींतर फळ धरणार नाहीं. या बाबतींत पुष्कळ घरीं गैरसमज आढळतो. काकडीच्या वेलावर आधीं येतात तीं नरफुलें. तीं गळतात, म्हणून घाबरूं नये. मागाहून येणाऱ्या मादीफुलाच्या देंठाशीं इवलीशी काकडीच असते. नरफुलांतील पराग मधमाशी तेथें नेते, आणि तोही त्या एकाच दिवशीं सकाळीं. फूल दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाहीं. माशीची फेरी अपुरी झाली तर काकडी एका टोंकास फुगीर व दुसऱ्या टोंकास आकसलेली अशी वेडीवांकडी होते, किंवा पिवळी पडून गळते. आपण खताचा दोष समजून आणखी खत घालतों. फवारणीच्या त्या सकाळीं आमच्या मांडवाखालीं मेलेल्या मधमाश्या पडल्या होत्या, असें गड्यानें मागाहून सांगितलें. त्या वेळीं त्याचा अर्थ कोणीं लावला नाहीं.

माश्या येत नसतील, अथवा सदनिकेच्या गॅलरींत वेल लावला असेल, तर सकाळीं नऊच्या आंत एक ताजें नरफूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, मधला भाग मादीफुलाच्या मध्यभागीं हलकेच टेकवावा. दुधी व दोडका यांचीं फुलें सायंकाळीं उमलतात. त्यांना हेंच काम दिवेलागणीस करावें लागतें. घोसाळें पुन्हां सकाळचें. हें वेळापत्रक आमच्या घरांतील मुलांस आतां शाळेच्या वेळापत्रकाहून अधिक पाठ आहे.

फळें आंतून सडतात, हा पत्रांतील दुसरा भाग. तें काम फळमाशीचें. ती घरमाशीहून थोडी लहान, तांबूस अंगाची, पंखांवर डाग असलेली असते. अंगठ्याएवढ्या कोंवळ्या फळास भोंक पाडून ती सालीखालीं अंडीं घालते. त्या जागीं डिंकाचा बारीक थेंब दिसतो. आंत अळ्या होतात, फळ सडून गळतें, आणि अळ्या जमिनींत शिरून कोष करतात. त्यांतून पुन्हां माश्या. हें चक्र तोडावयाचें तर दोनच जागा आहेत, फळ आणि जमीन. अळी एकदां फळाच्या आंत गेली कीं वरून कितीही फवारा, ती सुखरूप असते. म्हणजे त्या दिवशीं आम्ही विष नेमकें जेथें उपयोग नव्हता तेथें घालीत होतों.

फूल सुकून फळ धरल्यावर दोनतीन दिवसांतच त्यास पिशवी बांधावी. कागदाची पिशवी उन्हाळ्यांत चालते. पावसांत ती भिजून फाटते. जुन्या मलमलीच्या किंवा विरलेल्या धोतराच्या वीतभर पिशव्या शिवून त्यांस नाडी ओंवावी. जाऊबाईंनीं पहिल्या वर्षीं चाळीस पिशव्या शिवल्या होत्या. त्यांतील निम्म्या अजून टिकल्या आहेत. दोनतीन दिवसांनीं पिशवींत डोकावून फळास जागा पुरते कीं नाहीं हें पाहावें. गळलेलें किंवा डागाळलेलें फळ रोजच्यारोज उचलावें, आणि तें खताच्या खड्ड्यांत मुळींच टाकूं नये. तेथें अळ्यांची चैन होते. जाड प्लास्टिकच्या पिशवींत तोंड बांधून आठदहा दिवस उन्हांत ठेवावें, नाहींतर उकळत्या पाण्यांत घालून मगच खड्ड्यांत टाकावें. वेलाखालची माती आठवड्यांतून एकदां खुरप्यानें वरचेवर हलवावी. कोष उघडे पडले म्हणजे साळुंक्या व मुंग्या उरलेलें काम करतात. या माशीच्या नरांस भुलविणारे गंधसापळे कृषिसेवा केंद्रांत मिळतात. ते वेलावर फवारावयाचे नसल्यामुळें त्यांस माझी हरकत नाहीं. मात्र काकडीवर्गीय वेलांसाठीं म्हणून मागून घ्यावे. आंब्याच्या माशीचा सापळा निराळा असतो, आणि तो येथें टांगून कांहीं साधत नाहीं.

माव्याविषयीं थोडक्यांत. वाल, चवळी, मिरची यांच्या शेंड्यांवर तो दाटतो, आणि त्यांतून पाझरणाऱ्या गोड रसासाठीं मुंग्या त्याची राखण करतात. पाण्याची जोराची धार मारून शेंडा धुवावा. दुसऱ्या तिसऱ्या दिवशीं पुन्हां. तेथें सुसरीच्या पिलासारखी दिसणारी करडी, नारिंगी ठिपक्यांची अळी आढळली तर ती मारूं नये. ती ठिपकेदार ढालकिड्याची अळी. मावा हेंच तिचें अन्न. मीं स्वतः कित्येक वर्षें तीच वेंचून मारीत होतें.

इतकें करूनही कांहीं फवारावेंच लागलें तर निंबोळीचा अर्क करावा. ज्येष्ठ-आषाढांत कडुनिंबाखालीं पडलेल्या पिकल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुवून, बिया सावलींत वाळवाव्या. पन्नास ग्रॅम बिया जाडसर कुटून, फडक्यांत सैल बांधून, एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवाव्या. पुरचुंडी पिळून, पाणी गाळून, त्यांत धुण्याच्या साबणाचा चुरा चिमूटभर मिसळावा आणि तें त्याच दिवशीं सायंकाळीं फवारावें. उन्हानें त्याचा गुण लवकर उडतो, आणि सायंकाळीं मधमाश्या परतलेल्या असतात, असा दुहेरी लाभ. यानें किडा तत्काळ मरत नाहीं. त्याचें खाणें व वाढ खुंटते. तेवढा धीर नसलेला माणूस 'अर्क निरुपयोगी आहे' असें म्हणतो. अर्क फवारलेलें फळही धुवूनच खावें, आणि निंबोळीचें तेल घरगुती म्हणून तान्ह्या मुलास पोटांत देण्याच्या फंदांत कोणीं पडूं नये. त्यानें बालकांस विषबाधा झालेली आहे. जुन्या पुस्तकांत तंबाखूच्या काढ्याची शिफारस आढळते. ती मी करणार नाहीं. तंबाखूंतील निकोटीन हें कडक विष असून तें कातडींतूनही शरीरांत जातें. वनस्पतीपासून निघालें म्हणून तें निरुपद्रवी ठरत नाहीं.

याच ओघांत दुधीची गोष्ट. काकडी, दुधी, दोडका यांचा तुकडा चिरतांना जिभेस लावून पाहावा, ही आपल्या घरांतील जुनी रीत सोडूं नये. कडू लागला तर भाजी दडपून शिजवूं नये आणि रस तर मुळींच पिऊं नये. कडू दुधीच्या रसानें माणसें दगावलीं आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञमंडळानें २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत कडू रस न पिण्याचा स्पष्ट इशारा दिलेला आहे. 'वायां कशाला घालवावयाचें' हा विचार येथें घातक आहे.

गोगलगाईंविषयीं अलिबागेहून आलेल्या पत्राचें सविस्तर उत्तर पुढील अंकांत देईन. तूर्त एवढेंच, कीं सायंकाळीं ओलें गोणपाट मांडवाखालीं पसरावें, पहाटे त्याखालीं जमलेल्या गोगलगाई चिमट्यानें उचलून मिठाच्या पाण्यांत टाकाव्या. उघड्या हातानें त्यांस शिवूं नये, आणि मुलांस तर हें काम सांगूंच नये.

राहिली बियाण्याची गोष्ट. २०१७ च्या वैशाखांत सासूबाईंनीं डबा मागितला, तेव्हां तो रिकामा आहे हें आम्हांस सांगावें लागलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं सांगलीस आपल्या धाकट्या बहिणीच्या सुनेस फोन लावावयास सांगितलें. पूर्वीं कधीं तरी चिमूटभर बीं त्यांनीं बहिणीस दिलें होतें. बहीण निवर्तल्याला बरींच वर्षें झालीं होतीं. परंतु सुनेनें तें बीं चालू ठेवलें होतें. मृगाच्या आधीं चार दिवस टपालानें पाकीट आलें. त्यांत अकरा बिया होत्या. नऊ रुजल्या, आणि त्यांतील सात वेल मांडवावर गेले.

त्या वर्षीं पहिलीं फळें कोणीं खावयाचीं नाहींत, असें सासूबाईंनीं ठरविलें, आणि तें मुलांसकट सर्वांनीं पाळलें. बियांसाठीं दोनतीन निरोगी वेलांवरील एकेक फळ राखून ठेवावें. एकाच वेलावर भिस्त ठेवूं नये. परसांत किंवा शेजारीं दुसऱ्या जातीची काकडी असेल तर मधमाशी दोहोंची सरमिसळ करते. म्हणून उमलण्याच्या आदल्या सायंकाळीं नरफुलाची व मादीफुलाची कळी दोऱ्यानें अलगद बांधावी, सकाळीं सोडून आपल्या हातानें पराग लावावा, आणि मादीफूल पुन्हां बांधून देंठास रंगीत सुताची खूण करावी. दुधीशीं किंवा दोडक्याशीं काकडीचा संकर होत नाहीं, ती भीति नको. फळ वेलावरच पूर्ण पिकून पिवळें-तपकिरी होऊं द्यावें. तोडल्यावर आठवडाभर तसेंच ठेवून मग चिरावें. गरासकट बिया थोड्या पाण्यांत दोन दिवस आंबवाव्या; पोकळ बिया वर तरंगतात, भरदार तळाशीं बसतात. त्या स्वच्छ धुवून सावलींत, ताटांत पसरून, खडखडीत वाळवाव्या. कागदावर वाळवूं नयेत, चिकटून बसतात. मग चाळलेल्या राखेंत घोळून कांचेच्या बरणींत घट्ट झांकण लावून ठेवाव्या. अशी बरणी थंड, कोरड्या जागीं असेल तर काकडीचें बीं चारपांच वर्षें रुजतें. निम्मेंच पेरावें, निम्में राखावें, आणि त्यांतील थोडें गांवाबाहेरच्या कोणाकडे तरी असूं द्यावें.

सासूबाई २०१९ च्या माघांत गेल्या. पहाटेची खुर्ची मांडवाखालीं अजून असते. तिच्यावर आतां बहुधा भावजी बसतात. भांडें व साबणाचें पाणी नातवाकडे असतें. किडे किती पडले त्याचा आंकडा तो भिंतीवर खडूनें लिहून ठेवतो. यंदांचा उच्चांक एका सकाळचा बेचाळीस आहे.

सोलापूरच्या भगिनींनीं पत्रावर आपला पत्ता लिहिलेला नाहीं. तो त्यांनीं आषाढ लागण्यापूर्वीं कळवावा. बरणींत यंदां तीन मुठी बीं आहे.